रिपोर्टातली वजाबाकी

घरात कुणाचा ना कुणाचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट असतोच. फायलीतून नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून तो काढा आणि एक छोटासा हिशेब करून बघा. ट्रायग्लिसराइडच्या आकड्याला ५ ने भागा. जे उत्तर येईल, तेच बहुधा खाली ‘व्हीएलडीएल’समोर छापलेलं असेल. आता एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि मग हे उत्तरही वजा करा. उरला तो तुमचा एलडीएल. समजा, एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड १९० आहे. १९० भागिले ५ म्हणजे ३८. २१२ मधून ३८ गेले, पुन्हा ३८ गेले, राहिले १३६. रिपोर्टात एलडीएल १३६!

ज्या आकड्यावरून डॉक्टर गोळी सुरू करतात, ज्याच्यापायी घरातली तुपाची बरणी वरच्या फळीवर जाते, तो आकडा पुष्कळदा कुणी मोजलेलाच नसतो. काही प्रयोगशाळा तो थेट मोजतात आणि रिपोर्टावर ‘डायरेक्ट’ असं लिहितात. बाकी ठिकाणी तो चौथीतल्या पोराला जमेल अशा वजाबाकीतून निघतो. तरीही जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ त्यावर विसंबतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी नळीतल्या रक्ताचं पुढे काय होतं ते बघायला हवं.

गुलाबी रंग मोजणारं यंत्र

पिवळ्या किंवा लाल टोपणाच्या नळीतलं रक्त थोडा वेळ गोठू देतात आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. गोठलेला लाल भाग तळाशी बसतो, वर फिकट पिवळा द्रव राहतो. हे सीरम. ज्यांचं ट्रायग्लिसराइड फारच वाढलेलं असतं, त्यांचं सीरम दुधट दिसतं. यंत्राने आकडा सांगायच्या आधीच तंत्रज्ञाला नुसत्या नजरेने अंदाज येतो.

कोलेस्टेरॉलला स्वतःचा रंग नाही, मग ते मोजायचं कसं? सीरमच्या काही मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल एवढ्या थेंबात, एकामागून एक काम करणारी विकरं घातली जातात. पहिलं विकर कोलेस्टेरॉलला चिकटलेलं मेदाम्ल तोडून त्याला मोकळं करतं. दुसरं त्याचं ऑक्सिडीकरण करतं, तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तिसरं विकर हे पेरॉक्साइड वापरून एका रंगहीन रसायनाला गुलाबी-लाल करतं. यंत्र त्यातून प्रकाशाचा झोत सोडतं आणि किती प्रकाश शोषला गेला ते बघतं. रंग जितका गडद, कोलेस्टेरॉल तितकं जास्त. गंमत म्हणजे रंग आणणारं हे तिसरं विकर मूळचं हॉर्सरॅडिश नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या मुळातलं. आपल्या काळजाचा हिशेब असा एका तिखट मुळाच्या मदतीने मांडला जातो!

एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड अशा रासायनिक युक्त्यांनी मोजता येतात. एलडीएल मात्र बरीच वर्षं हाती लागत नव्हतं. ते वेगळं काढायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज नावाचं धूड लागे. अमेरिकेत बर्कली इथे जॉन गॉफमन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यात सीरम फिरवायला सुरुवात केली. गॉफमन वैद्यकाचे पदवीधर, पण त्याआधी त्यांनी अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात किरणोत्सारी मूलद्रव्यांवर काम केलेलं. त्यांनी सीरममध्ये मीठ घालून त्याची घनता वाढवली. मग मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगात इतर प्रथिनं खाली गेली आणि मेद वाहणारे कण आपापल्या घनतेप्रमाणे वेगवेगळ्या थरांत वर तरंगले. रक्तातलं सगळं कोलेस्टेरॉल एकाच प्रकारच्या कणांत नसतं, हे त्यातून लख्ख दिसलं. व्हीएलडीएल, एलडीएल, एचडीएल ही अशा वेगवेगळ्या कणांचीच नावं. १९५० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी हे मांडलं आणि त्यातल्या ठरावीक कणांचा हृदयविकाराशी संबंध असल्याचंही दाखवलं.

पण एकेका नमुन्याला तासन्‌तास घेणारं हे महागडं यंत्र गल्लीतल्या लॅबमध्ये कुठून येणार? १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या विल्यम फ्रीडवाल्ड, रॉबर्ट लेव्ही आणि डोनाल्ड फ्रेडरिकसन यांनी ४४८ लोकांच्या नमुन्यांवरून तोडगा काढला. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात व्हीएलडीएल कणांमधलं कोलेस्टेरॉल हे ट्रायग्लिसराइडच्या साधारण एक पंचमांश असतं, असं त्यांना आढळलं. तो ५ चा भागाकार इथून आला. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएलचं आणि व्हीएलडीएलचं कोलेस्टेरॉल काढलं की उरलेलं एलडीएलचं. यंत्राने काढलेल्या आकड्याशी हे उत्तर फार चांगलं जुळलं आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूजचं काम एका वजाबाकीवर भागलं.

‘बारा तास उपाशी या’ असं लॅबवाले सांगत आले, त्यामागेही हाच ५ आहे. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड वाढतं आणि गुणोत्तर बिघडतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं, तर हे सूत्र वापरायचंच नसतं. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एलडीएल ७० च्या खाली असेल, तर सूत्र एलडीएल आहे त्याहून कमी दाखवतं. म्हणून २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १३ लाखांहून अधिक नमुने तपासून सरसकट ५ ऐवजी १८० वेगवेगळ्या भाजकांचा तक्ताच तयार केला. नव्या सॉफ्टवेअरच्या लॅब आता असली सुधारित सूत्रं वापरू लागल्या आहेत.

तीन ग्रॅमचा ऐवज

आता या आकड्याच्या पोटात शिरू. एलडीएल १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे नेमकं किती? मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तद्रव साधारण तीन लिटर. म्हणजे एलडीएल कणांमधलं सगळं कोलेस्टेरॉल एकत्र केलं तर ते जेमतेम तीन ग्रॅम भरेल, चहाचा चमचाही पुरता भरणार नाही. पण ही तीन ग्रॅमची चिमूट इतक्या सूक्ष्म कणांत विभागलेली असते की रक्तद्रवाच्या एका थेंबात ढोबळ हिशेबाने वीस-तीस लाख कोटी एलडीएल कण असतात. एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा. त्याच्या पोटात कोलेस्टेरॉलचे दोनेक हजार रेणू, आणि अंगाभोवती अपोबी नावाच्या प्रथिनाचा एकच लांबलचक रेणू वेढलेला. या एका रेणूत ४५३६ अमिनो आम्लं ओवलेली असतात. कणामागे अपोबी एकच, कमी नाही, जास्त नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कोलेस्टेरॉल हा काही शरीरात घुसलेला चोर नव्हे. पेशीचं आवरण त्याच्यावाचून टिकत नाही. पित्ताम्लं, ड जीवनसत्त्व, स्त्री-पुरुषांची संप्रेरकं, सगळी त्याच्यापासूनच तयार होतात. शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा जवळजवळ पाचवा हिस्सा मेंदूत असतो. मात्र मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो, रक्तातल्या एलडीएलवर तो अवलंबून नसतो. इतर पेशीही गरजेपुरतं तयार करू शकतात. म्हणून एलडीएल खाली गेलं तर शरीराची उपासमार होत नाही. नवजात बाळाच्या रक्तात एलडीएल ३० च्या आसपास असतं, आणि त्यावर त्याची वाढ झपाट्याने चालू असते.

मग बिघडतं कुठे? एलडीएलचे कण इतके लहान असतात की धमनीच्या आतल्या अस्तरातून ते आरपार जातात. त्यातले काही अस्तराखालच्या जाळीत अडकतात, तिथे त्यांच्यात रासायनिक बदल होतात, आणि शरीराच्या सफाई पेशी त्यांना गिळायला धावतात. गिळता गिळता त्या चरबीने टम्म फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांच्या ढिगाऱ्यावर शरीर तंतूंचं कवच चढवतं. हा झाला ‘प्लाक’. अशी वर्षं जातात. एके दिवशी ते कवच फाटतं, रक्ताचा आतल्या मालाशी संपर्क येतो, मिनिटांत गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. हार्ट अ‍ॅटॅक म्हणतात तो हा.

याचा पहिला धागा रशियात मिळाला. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात शुद्ध कोलेस्टेरॉल विरघळवून खाऊ घातलं. काही महिन्यांत त्यांच्या धमन्यांत माणसासारखेच चरबीचे थर दिसले. नुसतं तेल दिलेल्या सशांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या. पण ससा शाकाहारी प्राणी, त्याचं माणसाला कसं लागू होईल, अशी शंका बरीच वर्षं घेतली गेली.

तोवर माणसांचे पुरावे येऊ लागले होते. १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२. सैन्यात निवडलेले, धडधाकट तरुण. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा उघड्या डोळ्यांना दिसत होत्या. एकालाही छातीत कळ आली नसेल! त्याचंही कारण पुढे कळलं. १९८७ मध्ये शिकागोच्या सेमूर ग्लॅगोव्ह यांनी दाखवलं की प्लाक वाढू लागला की धमनी बाहेरच्या बाजूने फुगून आतला मार्ग पहिल्याएवढाच राखते. जवळजवळ ४० टक्के जागा प्लाकने व्यापेपर्यंत ती हे सांभाळून घेते. म्हणजे ‘मला काही होत नाही, मी तीन जिने सहज चढतो’ हे धमन्या निरोगी असल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

डलासची पेशी, टोकियोच्या कोंबड्या

काही मुलं जन्मतःच एलडीएल ६००-८०० घेऊन येतात आणि त्यांना शाळेच्या वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. हा आजार दुर्मीळ, अडीच-तीन लाखांत एखाद्यालाच होणारा. आई आणि वडील अशा दोघांकडूनही सदोष जनुक आलं, तर तो होतो. सत्तरच्या दशकात टेक्सासमधल्या डलास इथे मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढवल्या. निरोगी पेशी एलडीएलचा कण पकडून आत घेत होत्या. या मुलांच्या पेशींना ते जमत नव्हतं, कारण कण धरणारं ग्राहक-प्रथिनच त्यांच्याकडे नव्हतं. रक्तातलं एलडीएल किती राहणार, हे आपण काय खाल्लं यावर जेवढं ठरतं त्याहून कितीतरी जास्त यकृताच्या पेशींवर असे ग्राहक किती आहेत यावर ठरतं, हे त्यातून उलगडलं. दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं.

त्याच सुमारास टोकियोतल्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो हजारो बुरश्या चाळत होते. बुरशीने पेनिसिलिन दिलं, तसं कोलेस्टेरॉलची निर्मिती अडवणारं औषधही ती देईल, असा त्यांचा कयास होता. १९७३ मध्ये तांदळावर वाढलेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना कॉम्पॅक्टिन सापडलं. उंदीरवर्गातल्या प्राण्यांवर त्याचा परिणामच होईना, आणि प्रकल्प गुंडाळायची वेळ आली. तेव्हा ते औषध कोंबड्यांना देऊन बघितलं. अंडी घालणाऱ्या कोंबडीत कोलेस्टेरॉलची भरपूर निर्मिती होते, आणि तिचं कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरलं. आज आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन या ‘स्टॅटिन’ गोळ्या त्याच वंशातल्या.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. स्टॅटिन रक्तातली चरबी ‘वितळवत’ नाही. ते यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतं. मग गरज भागवायला यकृत आपल्या पेशींवर जास्त ग्राहक उभे करतं आणि रक्तातले कण ओढून घेतं. म्हणजे काम करतं ते आपलंच यकृत, गोळी त्याला फक्त भाग पाडते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू ३० टक्क्यांनी घटले होते.

तेवढाच आकडा, वर्षं वेगळी

या सगळ्या कथेतला मला सर्वांत थक्क करणारा भाग दोन अभ्यास शेजारी ठेवले की दिसतो.

स्टॅटिनच्या डझनावारी चाचण्या एकत्र केल्या तेव्हा आढळलं की एलडीएल साधारण ३९ ने उतरवलं की झटका, पक्षाघात आणि बंद धमन्या उघडण्याच्या शस्त्रक्रिया मिळून सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. या चाचण्या सर्वसाधारणपणे पाचेक वर्षांच्या.

आता दुसरा अभ्यास. पीसीएसके९ नावाचं एक प्रथिन यकृतावरचे एलडीएल-ग्राहक नष्ट करत असतं. काही लोकांमध्ये त्याचं जनुक जन्मतःच निकामी असतं, त्यामुळे त्यांचे ग्राहक टिकून राहतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पाहणीत अशी माणसं इतरांशी ताडून बघितली. इतरांचं एलडीएल सरासरी १३८, यांचं १००. फरक ३८ चा, म्हणजे गोळीने पडतो जवळजवळ तेवढाच. पण पंधरा वर्षांत त्यांना हृदयधमनीचा विकार झाला तो इतरांपेक्षा ८८ टक्क्यांनी कमी! ही माणसं संख्येने शंभराच्या आतच होती, म्हणून तो ८८ कुणी शब्दशः धरू नये. मात्र पुढे एलडीएल कमी ठेवणारी इतर जनुकं मिळून हिशेब केला, तेव्हाही जन्मापासून ३९ ने कमी एलडीएल असलेल्यांचा धोका निम्म्याहून जास्त घटलेला दिसला.

तेवढ्याच घसरणीचा फायदा पाच वर्षांत एक आणि आयुष्यभरात त्याच्या दुपटी-तिपटीने. याचा अर्थ आजार नुसत्या आकड्याने होत नाही, आकडा गुणिले वर्षं असा त्याचा गुणाकार असतो. रिपोर्टात छापलेला १३६ हा त्या गुणाकारातला एकच घटक. दुसरा घटक, तो १३६ किती वर्षं अंगात आहे हा, कुठल्याच रिपोर्टावर नसतो. पन्नाशीतला नवा १३६ आणि विशीपासूनचा १३६ कागदावर सारखे दिसतात, धमनीत नाही.

आपल्याकडची गोम

५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचं दिसलं, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. आपल्या लोकांचं एलडीएल पाश्चात्त्यांपेक्षा फार जास्त असतं असंही नाही. आपल्याकडचा नेहमीचा नमुना म्हणजे ट्रायग्लिसराइड चढलेलं, एचडीएल उतरलेलं आणि एलडीएल ‘बरं’. या नमुन्यात एलडीएलचे कण लहान आणि दाट असतात, एकेकात कोलेस्टेरॉल कमी भरलेलं असतं.

एसटी स्टँडवर फक्त उतरलेले प्रवासी मोजून गाड्या किती आल्या ते सांगायचं, असा हा मामला. गाड्या खच्चून भरलेल्या असतील तर शंभर प्रवाशांमागे दोन गाड्या, अर्ध्या रिकाम्या असतील तर चार. रिपोर्टातलं एलडीएल प्रवासी मोजतं, आणि धमनीत घुसून इजा करतात त्या गाड्या. म्हणून ‘एलडीएल ठीक आहे’ एवढं वाचून आपण निर्धास्त होऊ नये. गाड्या मोजायची सोय आहे: कणामागे एकच अपोबी असल्यामुळे अपोबीची चाचणी म्हणजे कणांची शिरगणतीच.

ती केली नसेल तरी एक दुसरी वजाबाकी फुकटात हाताशी आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करायचं. आपल्या उदाहरणात २१२ वजा ३८ म्हणजे १७४. याला नॉन-एचडीएल म्हणतात. अपायकारक सगळे कण त्यात येतात, ५ चा अंदाज लागत नाही आणि उपाशी राहायचीही गरज पडत नाही. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार धोका कमी असलेल्यांचं एलडीएल १०० च्या आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली हवं. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या कारणांनी धोका जास्त असेल, तर एलडीएल ७० च्या खाली. झटका येऊन गेला असेल, तर ५५ च्या खाली. शिवाय लायपोप्रोटीन-ए ही चाचणी आयुष्यात एकदा तरी करावी, असंही त्यात आहे. हा घटक वारशाने येतो आणि खाण्यापिण्याने फारसा बदलत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं दिमाखात छापलेलं असतं, पण वनस्पतींच्या तेलात ते मुळात नसतंच म्हणायला हरकत नाही. प्रश्न संपृक्त मेदाचा आहे, जो यकृतावरचे ग्राहक कमी करतो. तूप, लोणी, पाम तेल आणि हो, खोबरेल तेलातही तो भरपूर असतो. खाण्याखेरीजही कारणं असतात. थायरॉइड मंदावलं तरी एलडीएल चढतं, गरोदरपणात चढतं, मोठ्या आजारपणात उतरतं. म्हणून एका रिपोर्टावरून घाबरू नये, तशी सुरू असलेली गोळी मनाने बंदही करू नये. आकडा चांगला आला तो बहुधा तिच्यामुळेच.

शेवटी एक विनंती. पहिली लिपिड चाचणी अठराव्या वर्षीच करावी, असं कार्डिऑलॉजिकल सोसायटीच्या त्याच सूचना सांगतात. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर त्याहीआधी. एका पालकाकडून येणारा उच्च एलडीएलचा दोष अडीचशे-तीनशे माणसांमागे एकात असतो. अशा माणसाच्या प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, मग मूल काटकुळं असो की गुटगुटीत. तेव्हा तुमच्या घरात कुणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल किंवा कुणाचं एलडीएल १९० च्या वर असेल, तर पुढच्या तपासणीला एकटे जाऊ नका. भावंडांना आणि मुलांनाही बरोबर घेऊन जा.